छायाचित्रावरील टाका : स्थानिक वारशाच्या अभ्यासातील दुसरी साक्ष

एखाद्या गावाचा, पेठेचा किंवा जमातीचा वारसा अभ्यासावयाचा म्हटले म्हणजे आजचा अभ्यासक प्रथम कॅमेरा हाती घेतो. वाडा पडण्यापूर्वी त्याचे चित्र घेऊन ठेवावे, जुने लुगडे विरण्यापूर्वी त्यावरील नक्षी टिपून घ्यावी, ही त्याची धडपड योग्यच आहे. परंतु अशी शेपन्नास चित्रे जमली आणि ती ओळीने मांडून पाहिली, म्हणजे त्यांतील एक उणीव जाणवू लागते. वाड्यात तीन पिढ्या नांदलेल्या माणसांना त्या वाड्यातील कोणती जागा आपली वाटते, लुगडे नेसणाऱ्या स्त्रीच्या मते त्या नक्षीत मोलाचे काय आहे, हे त्या चित्रांत कोठेच उमटलेले नसते. चित्र घेणाराने काय पाहिले एवढेच त्यांवरून कळते. ज्याचे चित्र घेतले त्याने काय पाहिले, हे कळत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा एक अनपेक्षित मार्ग अलीकडच्या काळात काही कलावंतांनी दाखविला आहे. छायाचित्र कागदावर किंवा कापडावर उतरवावयाचे आणि त्याच्यावर सुईदोऱ्याने भरतकाम करावयाचे, अशी ही रीत आहे. वरवर पाहता हा हौसेचा प्रकार वाटतो आणि पुष्कळदा तो तसा असतोही. तथापि स्थानिक वारशाच्या अभ्यासाचे साधन म्हणून या रीतीत काही सामर्थ्य आहे काय, असल्यास ते कशात आहे आणि त्याला मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन माध्यमांचे स्वरूप

छायाचित्र आणि भरतकाम ही दोन्ही माध्यमे एका सपाट पृष्ठावर आकृती निर्माण करतात. पण त्यांची प्रकृती परस्परविरुद्ध आहे. छायाचित्र क्षणार्धात निर्माण होते आणि भिंगापुढे जे जे असेल ते ते सारख्याच निष्ठेने ग्रहण करते. म्हातारीच्या चेहऱ्यावरील सुरकुती आणि तिच्या मागील भिंतीवरचा खिळा यांत ते स्वतः होऊन भेद करीत नाही. अभ्यासकाला त्याचा उपयोग होतो तो याच कारणाने. घेताना ज्याकडे लक्ष गेले नव्हते, असा तपशीलही त्यात पुढे सापडतो.

भरतकामाचे याच्या उलट आहे. त्यात प्रत्येक टाका हा एक निर्णय असतो. कोठे सुई घालावयाची, कोणता रंग घ्यावयाचा, कोणती जागा रिकामी सोडावयाची, हे हात प्रत्येक वेळी ठरवीत असतो. या कामाला वेळ लागतो, आणि तो वेळ त्या वस्तूत साठून राहतो. धारवाड-बेळगाव भागात रूढ असलेला आणि इरकली लुगड्यांच्या सोबतीने दक्षिण महाराष्ट्रातील घरांतही परिचित झालेला कसूती हा कशिदा याचे उत्तम उदाहरण होय. कसूतीत आकृती आधी रेखून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन इत्यादी आकार भरले जातात. तिच्यातील ‘गावंती’ या प्रकारात धावदोरा जाताना एक आड एक जागा मोकळी सोडीत जातो आणि परतताना त्या मोकळ्या जागा भरीत येतो. गाठ मारावयाची नसते आणि कापडाच्या दोन्ही अंगांस आकृती सारखीच दिसावी लागते. अर्थात दोरा जाईल कसा आणि परतेल कोणत्या वाटेने, याचा संपूर्ण नकाशा भरणारीच्या मनात पहिल्या टाक्यापूर्वीच तयार असावा लागतो.

अशा कसूतीचे कितीही स्वच्छ छायाचित्र घेतले, तरी त्यात गोपूर दिसते. दोऱ्याची वाट दिसत नाही. छायाचित्र परिणाम जपते, प्रक्रिया जपत नाही. वारसा म्हणून जे पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचे, त्यात प्रक्रियेचा वाटा फार मोठा असतो. ज्या घरात गोपुराचे चित्र उरले पण ते भरण्याची वाट विसरली गेली, त्या घरातून कसूती गेलीच असे म्हणावे लागेल. या दृष्टीने पाहता दोन माध्यमे एकत्र आणणे म्हणजे एका चित्राला दुसऱ्या चित्राने सजविणे नव्हे. एका पृष्ठावर क्षण आणि कालावधी, ग्रहण आणि निवड यांना समोरासमोर आणणे असा त्याचा अर्थ होतो.

पूर्वपीठिका

छायाचित्राचा कापडाशी संबंध छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेइतका जुना आहे. सर जॉन हर्शेल याने १८४२ मध्ये लोहाच्या क्षारांवर होणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या परिणामाचा उपयोग करून निळी चित्रे उमटविण्याची ‘सायनोटाइप’ ही पद्धती शोधून काढली. ॲना ॲटकिन्स या विदुषीने १८४३ पासून याच पद्धतीने समुद्रशैवालांची चित्रे काढून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे स्थापत्याच्या आराखड्यांसाठी सर्वत्र वापरल्या गेलेल्या ‘ब्ल्यू प्रिंट’चे मूळ हेच. हे द्रावण कागदाप्रमाणे सुती कापडालाही लागते, आणि उन्हात धरून साध्या पाण्यात धुतले की चित्र पक्के होते. छायाचित्र कापडावर आणून त्यावर सुई चालविण्यास मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही, हे यावरून दिसून येईल.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या क्रियाशील सभासदांपैकी एक होत. याच काळात मुंबईतील लोकसमूहांची चित्रे घेणाऱ्या विल्यम जॉन्सन याचा दोन खंडांचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चित्रातील माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि त्यांच्या मागील देखावा दुसऱ्याच काचेवरून घेऊन जोडलेला, असा प्रकार त्यांत आढळतो. म्हणजे निखळ पुरावा म्हणून ज्याकडे पाहिले जाते, ते छायाचित्रही त्या काळी जोडकामच होते; फक्त त्याची शिवण दिसत नव्हती. पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड निघाले. त्यांत माणसांची चित्रे जमातींचे नमुने म्हणून दिलेली आहेत आणि चित्रासोबतच्या मजकुरात त्या त्या जमातीच्या स्वभावावर निर्णयही दिलेले आहेत. त्या निर्णयांवर चित्रातील माणसाला काही म्हणावयाचे असल्यास, त्यासाठी त्या पानावर जागा नव्हती.

छापील चित्रावर सुई चालविण्याची परंपरा मात्र आपल्याकडे घरगुती स्वरूपात होती. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. या छापखान्यातून निघालेली देवदेवतांची रंगीत शिळाछाप चित्रे घरोघरी पोहोचली. त्यांतील काही चित्रांवर जर, टिकल्या, मणी आणि खऱ्या कापडाचे तुकडे लावून लक्ष्मी-सरस्वतींना लुगडी नेसविलेली आढळतात. ही छायाचित्रे नव्हेत हे खरे. पण यंत्रातून निघालेल्या एकसारख्या प्रतीवर हाताने केलेल्या कामाचा तो जवळचा पूर्वज आहे. छापखान्यातून सहस्रावधी घरांत गेलेली लक्ष्मी एकच होती. तिला आपल्या हाताने जरीचा काठ लावल्यावर ती त्या घराची लक्ष्मी झाली. सार्वजनिक प्रतिमेचे स्थानिकीकरण सुईने कसे होते, याचे यापरते स्पष्ट उदाहरण शोधावयास नको.

ग्राँ-बासामची चित्रे

अलीकडच्या काळातील या रीतीचे सर्वांत विचारप्रवर्तक उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशातील आहे. आबिजान या महानगराच्या पूर्वेस समुद्रकाठी ग्राँ-बासाम नावाचे गाव आहे. १८९३ मध्ये फ्रेंचांनी आपल्या वसाहतीची पहिली राजधानी येथे केली. पीतज्वराच्या साथीमुळे ती थोड्याच वर्षांत येथून हलविण्यात आली. व्यापार, राज्यकारभार, युरोपीयांची वस्ती आणि आफ्रिकनांची वस्ती यांसाठी वेगवेगळे विभाग पाडून वसविलेले हे नगर, लगतच्या न्झिमा लोकांच्या कोळीवाड्यासह, युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित केले. दि. १३ मार्च २०१६ रोजी येथील समुद्रकिनाऱ्यावरील हॉटेलांवर दहशतवाद्यांनी हल्ला केला आणि अनेक निरपराध माणसे त्यात मारली गेली.

आबिजान येथे १९७४ मध्ये जन्मलेल्या जोआना शुमाली या छायाचित्रकार स्त्रीने या घटनेनंतर काही आठवड्यांनी त्या गावात जाऊन आपल्या साध्या मोबाइल फोनने चित्रे घेतली. त्यांत हल्ल्याचे दृश्य नाही. ओसाड जागा, रस्त्याने एकटेच चाललेले माणूस, विचारात हरवून बसलेली व्यक्ती, असे त्यांचे विषय आहेत. ही चित्रे तिने सुती कॅनव्हासवर उतरविली आणि त्यांवर रंगीत दोऱ्यांनी भरतकाम केले. या मालिकेला तिने त्या देशात हरघडी कानी पडणाऱ्या एका फ्रेंच वाक्प्रयोगाचे नाव दिले. ‘होईल सगळे ठीक’ असा त्याचा अर्थ. दुःखी माणसाचे सांत्वन करावयास हे शब्द योजतात, आणि दुःखाची चर्चा तेथेच थांबवावयासही हेच शब्द उपयोगी पडतात. मनाला बसलेल्या धक्क्याविषयी बोलणे जेथे दुबळेपणाचे समजले जाते, तेथे बोलण्याऐवजी टाके घालण्याचा मार्ग तिने स्वीकारला. २०१९ मध्ये ‘आशा’ या विषयावरील प्रि पिक्ते हा आंतरराष्ट्रीय छायाचित्र-पुरस्कार तिला मिळाला. तो मिळविणारी ती पहिली आफ्रिकी कलावंत होय.

वारशाच्या अभ्यासकाने या चित्रांत लक्ष द्यावे असे काय आहे? ग्राँ-बासामचा वारसा कागदोपत्री नोंदला गेला तो प्रामुख्याने नगररचनेचा आणि इमारतींचा. नकाशे, मोजमापे आणि छायाचित्रे यांनी तो पुरेसा सिद्ध होतो. पण ज्या वस्तीत माणसे राहतात, तिच्या वारशात त्या माणसांनी सोसलेले आणि गिळून टाकलेलेही अंतर्भूत असते. त्याला मोजमाप नाही. शुमालीच्या चित्रांत छायाचित्र सांगते की अमुक जागी अमुक माणूस एकटा उभा होता. टाका सांगतो की त्या एकटेपणाजवळ कोणीतरी दीर्घकाळ बसून राहिले होते. पहिली गोष्ट पुराव्याची आहे, दुसरी साक्षीची. या दोहोंतील भेद स्पष्ट दिसतो, कारण छायाचित्र आणि दोरा ही एकाच पृष्ठावर असूनही एकमेकांत मिसळून जात नाहीत.

सुई कोणाच्या हाती?

येथे या विषयातील मध्यवर्ती प्रश्न उपस्थित होतो. छायाचित्रावर भरतकाम केले एवढ्यानेच ते स्थानिक वारशाचे साधन ठरत नाही. सुई कोणाच्या हाती आहे, यावर सर्व अवलंबून आहे. या दृष्टीने तीन अवस्था वेगळ्या करता येतात.

पहिली अवस्था अशी की, चित्र अनोळखी माणसाचे आणि सुई कलावंताची. मौरित्झिओ अँझेरी हा इटालियन कलावंत जुन्या बाजारात मिळणाऱ्या अनाम व्यक्तींच्या छायाचित्रांवर भरतकाम करतो. कला म्हणून त्याच्या कामाचे मूल्य स्वतंत्रपणे ठरवावे लागेल. परंतु चित्रातील माणूस कोठला, कोण, हे जेथे अज्ञात आहे, तेथे टाका त्या माणसाविषयी काही सांगू शकत नाही. तो भरणाऱ्याच्या कल्पनाशक्तीविषयी सांगतो. दुसरी अवस्था शुमालीची. चित्र घेणारी आणि भरणारी एकच असून ती त्या भूमीची आहे. त्या दुःखात तिचा वाटा आहे. येथे टाक्याला साक्षीचे मोल येते. तरीही चित्रात जे दिसतात, त्यांच्या हाती सुई गेलेली नसते.

तिसऱ्या अवस्थेत चित्र ज्याचे, सुईही त्याचीच. स्पंदिता मलिक या भारतीय कलावंत स्त्रीची ‘नारी’ ही मालिका या प्रकारची आहे. उत्तर भारतातील भरतकाम करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्याच घरात घेऊन ती खादीवर उतरविण्यात आली आणि ज्यांची चित्रे त्यांच्याच हाती ती भरण्यासाठी देण्यात आली. फुलकारी, चिकनकारी, जरदोजी यांपैकी जी कला ज्या स्त्रीच्या हातात होती, तिने तिचा उपयोग केला. कोणते अंग झाकावयाचे, पार्श्वभूमी ठेवावयाची की दोऱ्याने पुसून टाकावयाची, हे तिने ठरविले. एकोणिसाव्या शतकातील खंडांत ज्या माणसाला उत्तर देण्यास जागा नव्हती, त्याच्या वारसाला येथे चित्राच्या पृष्ठावरच जागा मिळाली. या तिन्ही अवस्थांत तंत्र जवळजवळ एकच आहे. फरक अधिकाराचा आहे.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला या फरकाचे महत्त्व बंजारा समाजाच्या उदाहरणावरून विशेष जाणवेल. आरसे, कवड्या आणि रंगीत दोरे यांनी भरलेले फेटिया-कांचळीचे पोशाख आजवर असंख्य छायाचित्रांत आलेले आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा कलंक या समाजातील अनेक गटांना सोसावा लागला आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावर विमुक्त जाती म्हणून त्यांची नोंद झाली. कारभाराच्या दप्तरात ज्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले, त्यांच्याकडेच पुढे कॅमेऱ्याने रंगीबेरंगी देखावा म्हणून पाहिले. दृष्टी बदलली, पण बोलण्याची पाळी पुन्हा पाहणाराचीच राहिली. आता नव्या पिढीतील स्त्रिया हा पोशाख रोज घालीत नाहीत. पुष्कळ घरांत तो पेटीत घडी घालून ठेवलेला असतो आणि भरण्याची कला जाणणाऱ्या हातांची संख्या घटत आहे. अशा वेळी केवळ पोशाखाची आणखी चित्रे घेत राहण्याने फारसे साधणार नाही.

दोन आक्षेप

या रीतीवर दोन गंभीर आक्षेप घेता येतात. पहिला असा की, छायाचित्र हे साधन असून त्यावर टाका घालणे म्हणजे साधनात ढवळाढवळ करणे होय. हा आक्षेप मूळ प्रतीच्या बाबतीत सर्वस्वी मान्य केला पाहिजे. जुन्या छायाचित्राच्या मूळ प्रतीला सुईचे एकही छिद्र पडता कामा नये. काम नेहमी नव्याने काढलेल्या प्रतीवर व्हावे आणि न भरलेली प्रत भरलेल्या प्रतीशेजारी जपली जावी. तसे केले म्हणजे पहिली साक्ष अबाधित राहते आणि दुसरी तिच्याशी ताडून पाहता येते. ताडून पाहण्याची सोय नसेल, तर मात्र हा आक्षेप अनुत्तरित राहील.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. भरतकाम मुळात शोभेसाठी असते. पडक्या वाड्यावर, उजाड पेठेवर, हरपलेल्या माणसावर फुले भरली, की दुःखही देखणे होऊन बसते आणि पाहणारा समाधान पावून निघून जातो. हा धोका खरा आहे व त्याला नियमांनी आळा घालता येत नाही. एवढेच म्हणता येईल की, जेथे टाका जखम झाकण्यासाठी येतो तेथे तो शोभा होतो, आणि जेथे जखमेची जागा दाखविण्यासाठी येतो तेथे तो साक्ष ठरतो. कोणता टाका कोणता, हे ओळखण्यासाठी भरणारीचे म्हणणे ऐकून ते लिहून ठेवण्याखेरीज दुसरा उपाय नाही.

अभ्यासाची रीत

प्रत्यक्ष क्षेत्रकार्यात या साधनाचा उपयोग करावयाचा झाल्यास काही पथ्ये पाळावी लागतील. समजा, एका तांड्यातील लग्नाचे जुने छायाचित्र उपलब्ध झाले आहे. त्याच्या सारख्या मापाच्या दोन प्रती सुती कापडावर काढाव्यात. सायनोटाइप वापरल्यास हे कापड पुढे साबणात किंवा धुण्याच्या सोड्यात घालू नये. क्षारधर्मी पाण्याने ती निळाई फिकी पडते. कागदावर काम करावयाचे असेल तर तो जाड व सुती लगद्याचा असावा आणि छिद्रे टोचणीने आधी पाडून घ्यावीत. एका जागी दाट छिद्रे पडली तर कागद तेथे फाटतो. जरदोजीचे कारागीर कागदावरील नक्षीला बारीक छिद्रे पाडून तिचा खाका कापडावर उतरवितात. येथे छायाचित्रच खाक्याचे काम करते. मात्र त्यातील कोणत्या रेषेला अनुसरावयाचे याची सक्ती नसावी.

एक प्रत चित्रातील स्त्रीच्या हाती, ती हयात नसल्यास तिच्या लेकीसुनांच्या हाती, द्यावी. नक्षी सुचवू नये. कोठून आरंभ झाला, कोणत्या क्रमाने काम पुढे गेले, कोणते टाके उसवून पुन्हा घातले आणि त्या वेळी काय बोलणे निघाले, याची दिनवार नोंद ठेवावी. चित्र घेणाराने मध्यभागी नवरीला ठेवले असेल, आणि भरणारी कदाचित कोपऱ्यात अर्धवट दिसणाऱ्या म्हातारीच्या ओढणीवरच सारा दोरा खर्च करील. तसे झाले तर ती म्हातारी कोण, हा अभ्यासकाचा पुढचा प्रश्न असावा. जे भरले त्याइतकेच जे कोरे सोडले तेही नोंदले जावे. काम पुरे झाल्यावर कापडाच्या दोन्ही अंगांची छायाचित्रे घ्यावीत. कारण दोऱ्याची वाट मागच्या अंगाला वाचता येते. अशा रीतीने छायाचित्राने आरंभ झालेले काम पुन्हा छायाचित्राकडेच येते, पण या वेळी कॅमेऱ्याला कोठे पाहावयाचे ते टाक्याने दाखविलेले असते.

शेवटचे पथ्य नैतिक स्वरूपाचे आहे आणि ते सर्वांत अगत्याचे आहे. भरलेले कापड कोणाच्या मालकीचे, त्यावर नाव कोणाचे, प्रदर्शनात ते मांडले किंवा विकले गेले तर मोबदला कोणाला, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे. संग्रहालयांतील कितीतरी उत्तम कशिद्यांखाली प्रांताचे, जमातीचे, फार तर शतकाचे नाव आढळते. भरणारीचे आढळत नाही. तीच चूक नव्या साधनाने पुन्हा केली, तर एकोणिसाव्या शतकातील खंडांपासून अभ्यास एक पाऊलही पुढे सरकला नाही असे होईल. भरणारीची इच्छा असल्यास तिचे नाव तिच्याच हाताने त्या कापडावर भरून घ्यावे आणि नोंदवहीत ते छायाचित्रकाराच्या नावाबरोबरीने लिहावे. ते नाव लिहिता येण्याइतका परिचय ज्या अभ्यासात झाला नाही, त्या अभ्यासाने स्थानिक वारशापर्यंत पोहोचल्याचा दावा न केलेलाच बरा.